आक्काचा खोकला

निपाणीत खोकल्याला कुणी खोकला म्हणत नाही.
वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका
बोलता बोलता खोकतात, हसता हसता खोकतात,
आणि वाक्य जिथं सुटलं तिथनंच पुढं धरतात.
म्हणून मालनआक्का खानापूरच्या स्टँडवर उतरून
दोनदा खोकली,
तेव्हा आमच्या कुणाच्या मनात काही आलं नाही.
तिच्याही नाही.

दारातच तिनं हात धुतले, कोपरापर्यंत.
चपला बाहेर, मास्क तोंडावर.
मला शिळं चालत नाही, दही चालत नाही,
देवापुढचं फूलसुद्धा खोलीत चालत नाही,
सालीसकट पेरू तर स्वप्नातही नाही,
सगळं तिला पाठ.
फक्त भाकरी थापताना
मास्क हनुवटीवर ओढायची.
"धग लागतीया गं. एवढ्यापुरतंच."

नऊ महिने झाले होते.
बेंगळुरूला माझ्या हाडांतलं होतं नव्हतं ते जाळून
तिच्या रक्तातलं बियाणं माझ्यात सोडलं होतं,
एका पिशवीत, टोमॅटोच्या पातळ साराच्या रंगाचं.
तेव्हापासून माझा रक्तगट तिचा.
सेवापुस्तकात अजून जुनाच आहे;
ती दुरुस्ती कुठल्या ऑफिसात, कुठल्या भाषेत अर्ज करून होते
ते कुणी सांगत नाही.

गोवर, गालगुंड, डांग्या खोकला,
अंगानं लहानपणी गिरवलेलं सगळं पुसलं गेलं.
पाटी कोरी.
गुरुवारी बाळांची रांग संपल्यावर
कस्तुरी सिस्टर मला मागच्या दारानं आत घ्यायची
आणि बाळांचीच सुई टोचायची.
"रडायचं नाही हं," म्हणायची.

तीस वर्षं मी पहिलीच्या पोरांची नाकं पुसली,
रुमाल नसेल तेव्हा पदरानं.
वर्गातली प्रत्येक सर्दी माझ्याकडं मुक्कामाला यायची,
दोन दिवस राहून जायची.
आता लुमाण्णाचा नातू
खिडकीच्या पलीकडून पाढे म्हणून दाखवतो.
साती पाच पस्तीसला नाक ओढतो
आणि मी, त्याची बाई,
मागं सरकते.

तिसऱ्या दिवशी घसा.
चौथ्या दिवशी ताप.
पाचव्या दिवशी बेळगावात दुसऱ्या गेटाला गाडी अडकली.
मालगाडीचे डबे मोजले मी,
श्वास मोजावे लागू नयेत म्हणून.

रिपोर्ट बघून डॉक्टर पाच्छापुरे म्हणाले,
हा तान्ह्या बाळांना छळणारा विषाणू,
मोठ्यांचं बहुतेक नुसतं नाक गळतं.
मग माझ्याकडं बघून गप्प झाले.
"नऊ महिन्यांचीच आहे की मी," मी म्हटलं.
मास्कच्या आत राहिलं ते.

अकरा रात्री ऑक्सिजन.
निंगव्वा आया उशाशी बसून म्हणायची,
"उसिरु तगोरी बाई, उसिरु तगोरी."
श्वास घ्या.
घेत होते.
पुरत नव्हता.

आक्का खाली जिन्याजवळ. तिला वर सोडत नव्हते;
तिच्या नाकातही तोच निघाला होता.
फोनवर म्हणाली, "मीच दिलं गं तुला, मीच..."
आणि पहिल्यांदाच
सुटलेलं वाक्य तिला पुन्हा धरता येईना.

मला सांगायचं होतं:
आक्का, आत जे झुंजतंय तेही तूच दिलेलं.
तुझ्याच पेशी, पण अजून पहिलीतल्या,
अक्षरओळख नसलेल्या,
दप्तर उलटं धरलेल्या.
त्यांचा पहिलाच धडा
तुझा खोकला निघाला, त्याला कोण काय करणार?
एवढं बोलायला हवा नव्हती.
म्हटलं, "वखारीत जाऊ नको आता."
म्हणाली, "मग खायचं काय?"

मी घरी आले. खिडकी आहे, पाढे आहेत,
जिना चढताना छातीत एक पायरी कमी पडते.
दर रविवारी निपाणीचा फोन येतो.
खोकला आला की आक्का फोन लांब धरते,
जणू तो तिथनंही लागेल.
मी कान देऊन ऐकते.
कोरडा. रोजचाच. तंबाखूचा.
मग सावकाश म्हणते,
"हं. पुढं?"